व्हॅलेन्सियातलं हर्नडन

प्रसाद कारखानीस स्पेनला निघाला तेव्हा त्याच्या बॅगेत पोहायची चड्डी एक होती आणि पडदे दोन. चड्डीची घडी शेवटपर्यंत मोडली नाही. पडद्यांना मात्र एक दिवस उसंत मिळाली नाही.

पडदे नेण्यामागे कारण होतं. प्रसाद राहायचा व्हर्जिनियात, हर्नडनला. हॉस्पिटलांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एका कंपनीत तो वीसेक वर्षं चिकटून होता. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली होती, पण घर अमेरिकेतच असलं पाहिजे असा कडक नियम होता. पेशंटांची माहिती देशाबाहेर बसून उघडायची नाही. हा नियम नव्या लोकांना समजावून सांगायचं काम दर वर्षी प्रसादकडेच असायचं आणि तो ते मन लावून करायचा.

त्या वर्षी लेक केया कॉलेजसाठी बॉस्टनला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. जेवणं झाली की प्रसाद सोफ्यावर फोन घेऊन बसायचा. फोनमध्ये माणसं समुद्रकाठी लॅपटॉप उघडून बसलेली दिसायची, शेजारी संत्र्याचा रस, पाय वाळूत, आणि खाली उपदेश, की आयुष्य संथ जगा. ती माणसं पंचविशीतली होती आणि प्रसाद पन्नाशीला टेकला होता. हा फरक त्याला दिसला नाही असं नाही. कॅमेऱ्यामुळे ती तरुण दिसत असतील, अशी त्याने समजूत करून घेतली.

"आपण तीन महिने व्हॅलेन्सियाला राहू या," एके दिवशी तो बायकोला म्हणाला.

ज्ञानदा भात वाढून घेत होती. "तिथे काय आहे?"

"समुद्र."

"समुद्र व्हर्जिनिया बीचलाही आहे."

"तो अटलांटिक. हा भूमध्य."

"आणि ऑफिस?"

"त्यांना कळणारच नाही."

ज्ञानदाने आमटी घेतली. ती गावातल्या लायब्ररीत अर्धवेळ काम करायची. दुसऱ्या दिवशी तिने साहेबीणबाईंकडे एप्रिलच्या मध्यापर्यंत बिनपगारी रजा मागितली आणि त्यांनी ती हसत हसत दिली. मागितलं की मिळतं, असा तिचा आयुष्याचा अनुभव होता. प्रसादचा अनुभव वेगळा होता, कारण त्याने कधी मागितलंच नव्हतं.

प्रसादने तयारी मात्र जय्यत केली. हर्नडनच्या तळघरात त्याने एक छोटी डबी बसवली. त्याचं सगळं इंटरनेट त्या डबीतून फिरून जाणार होतं, म्हणजे कंपनीला तो घरीच बसलाय असं दिसणार होतं. मग त्याने आपल्या कामाच्या खोलीतले निळे पडदे काढले, मागच्या शेल्फवरची प्लास्टिकची वेल काढली आणि दोन्ही बॅगेत भरलं. झाडांना पाणी घालायला पलीकडच्या गल्लीतल्या वीणा काकूंना किल्ली दिली. "काकू, आम्ही स्पेनला जातोय हे कुणाला बोलू नका हं," असं तीनदा बजावलं. काकूंनी तिन्ही वेळा मान हलवली.

सगळ्यात जास्त भीती होती ती शिवची. शिव प्रसादचा मॅनेजर. वय एकतीस, जन्म इथलाच. त्याचे आईवडील प्रसादच्या ओळखीचे, त्यामुळे शिव ऑफिसात त्याला नुसतं प्रसाद म्हणायचा आणि सत्यनारायणाला भेटला की प्रसाद काका म्हणायचा. मुलगा स्वभावाने इतका सरळ, की त्याला फसवायला काहीच कष्ट पडणार नव्हते. तेच प्रसादला जरा टोचत होतं.

जानेवारीत दोघं व्हॅलेन्सियाला पोचली. नगरपालिकेचा मोठा चौक, त्याच्या मागच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं. बाल्कनीतून समोरच्या घरांची लोखंडी नक्षी आणि वर निळ्या आभाळाची एक पट्टी दिसायची. प्रसादने बाल्कनीत उभं राहून छाती भरून श्वास घेतला, आत आला, आणि बाल्कनीच्या दारावर हर्नडनचे पडदे लावले.

तिथून त्याचा दिनक्रम सुरू झाला. हर्नडनला सकाळचे नऊ वाजायचे तेव्हा व्हॅलेन्सियात दुपारचे तीन वाजलेले असायचे. तिथपासून मध्यरात्रीपर्यंत ऑफिस. हर्नडनला भर दुपार असायची तेव्हा इथे अंधार पडलेला असायचा, म्हणून त्याने मोठाले पांढरे दिवे आणले आणि पडद्यामागे असे उभे केले की पडद्यातून ऊन झिरपतंय असं वाटावं. तासातासाला उठून तो ऊन थोडं सरकवायचा. खरं ऊन बाहेर सकाळभर पडलेलं असायचं, पण तेव्हा हा झोपलेला. घोटाळा नको म्हणून त्याने मनगटावरचं घड्याळही हर्नडनच्या वेळेवरच ठेवलं होतं.

शिवाय हवामानाची जोखीम होती. रोज उठून तो आधी हर्नडनचं तापमान बघायचा आणि मीटिंगमध्ये त्याप्रमाणे हात चोळायचा. फेब्रुवारीत तिकडे मोठा बर्फ पडला. बोलण्याच्या ओघात प्रसादने बर्फ उपसून कंबर धरल्याचं सांगितलं आणि खुर्चीत जरा कण्हूनही दाखवलं.

"मी येऊ का स्नोब्लोअर घेऊन?" शिवने लगेच विचारलं. "फिफ्टीन मिनिट्स लागतील."

"नको नको," प्रसाद घाईने म्हणाला, "व्यायाम होतो."

पलीकडे स्वयंपाकघरात ज्ञानदा संत्रं सोलत होती. मीटिंग संपल्यावर ती म्हणाली, "इतकं करून हर्नडनलाच राहायचं होतं, तर मला उगाच विमानात कशाला बसवलंस?"

प्रसाद दिवा सरकवायला गेला.

ज्ञानदाचं मात्र छान चाललं होतं. खालच्या मजल्यावर आंपारो नावाची सत्तरीची बाई राहायची. पहिल्याच आठवड्यात जिन्यात दोघींची गाठ पडली. आंपारोने नाव विचारलं. 'ज्ञानदा'तला ज्ञ काही तिच्या जिभेवर बसेना. सगळी खटपट करून शेवटी नुसतं 'नादा' उरलं आणि आंपारो हसत सुटली. स्पॅनिशमध्ये नादा म्हणजे 'काही नाही'. मग तिने ज्ञानदाला हाताला धरून गल्लीभर फिरवलं, बेकरीवाल्याला, भाजीवाल्याला, कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात, आणि सगळ्यांना सांगितलं, की ही भारतातून अमेरिकेत गेलेली आणि तिथून इथे आलेली बाई, आणि हिचं नाव काही नाही. महिन्याभरात ज्ञानदाला बाजारात घासाघीस करता येऊ लागली. ती सकाळी भाषेच्या वर्गाला जायची, दुपारी समुद्रावर जायची, आणि परत यायची तेव्हा प्रसाद अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या उन्हात बसलेला असायचा.

मार्च उजाडला आणि गावात फायास नावाचा उत्सव सुरू झाला. गल्लोगल्ली मंडळं, वर्गणी, बँड, मिरवणुका, दोन-दोन मजली रंगीत पुतळे. पुण्यामुंबईच्या माणसाला त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. नवीन होतं ते एकच. रोज दुपारी बरोबर दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात दारूकाम व्हायचं, तेही आवाजासाठी. रंगबिंग काही नाही, फक्त पाच-सात मिनिटं एकामागून एक असे बार, की पोटातलं पाणी हलावं. हजारो लोक ते ऐकायला जमायचे. ज्ञानदा आणि आंपारो अकरालाच जागा धरून उभ्या राहायच्या.

प्रसादचं घर चौकाच्या मागेच. पहिल्या दिवशी तो अंथरुणातून खाली पडला. पण मग त्याने घड्याळ बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आठ वाजले होते, म्हणजे हर्नडनचे सकाळचे आठ. ऑफिसची पहिली मीटिंग नऊला. तासभर आधी आटपतंय, मग वाजेना का! तो रोज आठचे बार झाले की उठायचा आणि तोंड धुवायचा. गजर लावायची गरज उरली नाही.

त्या आठवड्याच्या रविवारी अमेरिकेने आपली घड्याळं एक तास पुढे केली. दर वर्षी करतात. स्पेनमध्ये ती महिनाअखेरीला पुढे होतात, तोवर दोन्हीकडच्या वेळांत सहाऐवजी पाचच तासांचं अंतर राहतं, हे प्रसादच्या गावीही नव्हतं. त्याच्या मनगटावरचं हर्नडनचं घड्याळ आपोआप पुढे सरकलं आणि त्यालाही काही वाटलं नाही.

सोमवारी तो आठच्या सुमारास आपसूक जागा झाला. बाहेर बार वाजले नाहीत. आज सुट्टी असेल, असं म्हणून त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, ऊन जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि नऊच्या पाच मिनिटं आधीच मीटिंगमध्ये बसला. त्या दिवशी गिऱ्हाईकाकडची मोठी माणसं आली होती. शिवने प्रसादची ओळख करून दिली, "आमच्याकडे डेटा सिक्युरिटीचं सगळं प्रसाद बघतो." प्रसादने नम्रपणे मान झुकवली.

आणि चौकात पहिला बार उडाला.

खिडक्यांची तावदानं थरथरली. "काय झालं?" कुणीतरी विचारलं. "काही नाही, शेजारी जरा काम—" एवढंच प्रसाद बोलू शकला. पुढचे बार आले ते सगळे मिळूनच आले. शेल्फवरची वेल त्याच्या डोक्यात पडली. एक दिवा आडवा झाला आणि फुटला. प्रसादने दोन्ही हातांनी पडदा धरला, टेबल हललं, इंटरनेटचं यंत्र खाली आपटलं आणि मीटिंग तुटली. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर शेवटचं चित्र राहिलं ते असं: प्रसाद कारखानीस, डोक्यावर पाला, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं.

दहा मिनिटं तो गुडघ्यावर बसून वायरी जोडत होता. शिवला काय सांगायचं त्याची जुळवाजुळवही चालली होती. रस्त्याचं खोदकाम सांगावं, असं ठरतच होतं, तेवढ्यात फोनवर निरोप आला, 'तुमच्या दाराशी कुणीतरी आहे.' हर्नडनच्या घराच्या बेलमध्ये कॅमेरा होता. प्रसादने फोन उघडला.

त्याच्या दारात अग्निशमन दलाची दोन लाल वाहनं उभी होती. समोरच्या घरातले लोक अंगावर ब्लँकेट घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. पायरीवर हेल्मेट घातलेली एक उंच बाई होती आणि तिच्या मागच्या माणसाच्या हातात कुऱ्हाड होती. शिवने घाबरून फोन लावला होता, की आमच्या सहकाऱ्याच्या घरात गॅसचा स्फोट झालाय.

बाईने बेल दाबली. "सर! आत कुणी आहे का?"

कुऱ्हाड दाराच्या अगदी जवळ होती. ते दार प्रसादने मागच्याच वर्षी हौसेने नवीन बसवलं होतं. तो बेलमधून ओरडला, "आहे! मी आहे!"

"दार उघडून बाहेर या, सर."

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. पण दोन महिन्यांच्या सवयीने जीभ आपली आपण वळली. "मी तळघरात आहे."

"अडकला आहात?"

"नाही. म्हणजे, तसा थोडासा."

बाई गर्रकन वळली. "तळघरात माणूस अडकलाय!" तिने हाक दिली. तिघं जण घराच्या बाजूला धावले आणि कुऱ्हाडवाला पुढे सरसावला.

"थांबा! दार फोडू नका!" प्रसाद व्हॅलेन्सियातून किंचाळत होता. इतक्यात कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातून वीणा काकू आल्या. गाऊनवर ओव्हरकोट, पायात सपाता, हातात किल्ली.

"अरे प्रसाद? तू बोलतोयस?" काकूंनी बेलमध्ये डोळा घातला. "स्पेनहून परत कधी आलास?"

"काकू, हळू बोला ना."

"हळू काय हळू, तुझं घर तोडतायत! ज्ञानदा कुठेय?"

"आपण कोणाशी बोलताय, मॅम?" बाईने विचारलं.

काकू ताठ उभ्या राहिल्या. प्रसादला दिलेला शब्द त्यांनी दोन महिने पाळला होता, पण समोर कुऱ्हाड होती. "ही इज इन स्पेन," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "सिन्स जानेवारी. आय वॉटर हिज प्लांट्स. डोन्ट ब्रेक, आय हॅव की."

त्यांच्या मागे शिव उभा होता. तो कधी आला ते प्रसादला कळलं नव्हतं. अंगात कोट नाही, धाप लागलेली, गाडी रस्त्याच्या मधोमध सोडलेली. तो पायरी चढून कॅमेऱ्यासमोर आला.

"प्रसाद? आर यू ओके?"

"हो."

"आर यू इन स्पेन?"

खालच्या गल्लीत मंडळाचा बँड जोरात सुरू झाला आणि तो हर्नडनच्या पायरीवर सगळ्यांना ऐकू गेला.

संध्याकाळी शिवचा फोन आला. ऑफिसचा नंबर नव्हता, स्वतःचा होता.

"काका," तो म्हणाला आणि थांबला. ऑफिसच्या वेळेत तो कधी काका म्हणत नसे. प्रसादला ओरडा परवडला असता. "मी दोन रेड लाइट तोडून आलो, काका. आय थॉट यू वेअर डेड. गाडीत मी विचार करत होतो, ज्ञानदा काकूला कसं सांगायचं."

"सॉरी, शिव."

"तुम्ही विचारलं का नाही मला?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नो म्हणालो असतो."

"मग?"

"मग तुम्ही घरी असता आणि मी नीट झोपलो असतो." मग त्याने विचारलं, "आणि तुमची कंबर? आई तेल पाठवणार होती."

"कंबर बरी आहे," प्रसाद म्हणाला. आयुष्यात त्याला आपण मूर्ख आहोत असं पुष्कळदा वाटलं होतं, पण नालायक आहोत असं वाटण्याची वेळ क्वचित आली होती.

कंपनीने त्याच रात्री त्याचं काम बंद केलं. चौकशी झाली. पेशंटांच्या माहितीला धक्का लागला नव्हता आणि शिवने जमेल तेवढी बाजू घेतली, म्हणून नोकरी वाचली. पण घरून काम कायमचं संपलं. सोमवारपासून पाचही दिवस ऑफिसात हजर व्हायचं आणि सुरक्षेचे नियम नव्या लोकांबरोबर बसून पहिल्यापासून शिकायचे. हे शिकवायला आता एक चोवीस वर्षांची मुलगी नेमली होती. शनिवारचं विमान मिळालं.

मध्ये चार दिवस मोकळे होते. मंगळवारी सकाळी ज्ञानदाने पडदे काढून धुवायला टाकले आणि प्रसादला म्हणाली, "चल, अंगाला हवा लागू दे."

दोघं खाली उतरली. आंपारो जिन्यातच भेटली. प्रसादला पाहून तिने दोन्ही हात गालांवर ठेवले, पुढे होऊन त्याचे मुके घेतले आणि डोळे पुसले. बेकरीवाला काउंटर सोडून बाहेर आला. केशकर्तनालयातल्या बाईने धावत जाऊन खुर्ची आणली आणि त्याला दंडाला धरून बसवलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"हे काय चाललंय?" प्रसादने विचारलं.

ज्ञानदाने ओठ दाबले होते. "तू दोन महिने बंद खोलीत. खिडकीला सदा पडदा, रात्री पांढरा दिवा, मधूनच कण्हल्याचा आवाज. त्यांना वाटतं, तुला काहीतरी मोठं दुखणं आहे. आंपारो सूप द्यायची ना दर बुधवारी, ते तुझ्यासाठी."

"ते मला कधी मिळालं?"

"मी प्यायचे. मस्त असायचं."

सगळी गल्ली त्याच्याकडे मायेने बघत होती. प्रसादने नकळत छातीवर हात ठेवला आणि हलकंसं खोकायला सुरुवात केली.

"प्रसाद!" ज्ञानदाने त्याला कोपर मारलं. "पुरे आता."

त्याने हात खाली घेतला. मग तिने आपल्या नव्या स्पॅनिशमध्ये सगळी हकिगत सांगितली, पडदे, दिवे, डबी, कुऱ्हाड, सगळं. ऐकता ऐकता बेकरीवाल्याला पिठाच्या पोत्यावर बसावं लागलं. आंपारो इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. त्या हसण्यात प्रसादला आधी कानकोंडं झालं, आणि मग आपणही हसतोय असं त्याच्या ध्यानात आलं.

दुपारी तो त्या दोघींबरोबर चौकात उभा राहिला. कान वाचवायचे तर तोंड उघडं ठेवायचं, असं आंपारोने खुणेने सांगितलं. बार सुरू झाले. जमीन पायांतून वर चढत गेली, बरगड्या वाजल्या, धुराने आभाळ झाकलं आणि शेवटी हजारो माणसं एकदम ओरडली. प्रसादच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराने असेल, असं त्याने ज्ञानदाला सांगितलं.

शुक्रवारी रात्री तो बॅग भरत होता. "तुझी बॅग कुठेय?" त्याने विचारलं.

"मी नाही येत," ज्ञानदा म्हणाली. "माझी रजा एप्रिलपर्यंत आहे. वर्गाची परीक्षा आहे. आंपारोच्या मंडळात मी फुलांच्या मिरवणुकीत चालणार आहे, तिने मला शालही दिलीय."

"एकटी राहशील?"

"तू होतास तेव्हा काय वेगळं होतं?"

ती चिडून बोलली नव्हती. म्हणून तर त्याला ते जास्त लागलं. तो तिच्याशेजारी पलंगावर बसला. "मी फार बावळटपणा केला, ना?"

"केलास," ती म्हणाली आणि त्याचा मोजा उलटा करून नीट घडी घातली. "पण तू आणलंस म्हणून मी आले. नाहीतर मला कोण आणणार होतं इथे?"

हर्नडनला परतल्यावर प्रसाद भलताच प्रसिद्ध होऊन बसला. वीणा काकूंनी आता काही लपवायचं कारण नाही म्हणून सगळ्यांना सगळं सांगितलं होतं. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात अनोळखी माणसं येऊन हात मिळवायची. एक-दोघांनी बाजूला घेऊन विचारलं, की स्पेनमध्ये घर कुठे घ्यावं, भाडं काय पडतं, हवा कशी आहे. हवेबद्दल त्याला खरंच काही सांगता येईना. हर्नडनची मात्र रोजची पाठ होती. "मिसेसला विचारा, तिला माहितीय," तो म्हणायचा.

ऑफिसात तो वेळेवर जायचा. शिव महिनाभर त्याच्याशी कामापुरतं बोलला. प्रसादने त्याची तक्रार केली नाही.

एप्रिलमधली एक दुपार. जेवणाच्या सुट्टीत तो पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होता. भात जरा कच्चा राहिला होता. ज्ञानदाचा फोन आला. ती समुद्रावरून परत येत होती, केस ओले होते, नाकाचा शेंडा उन्हाने लाल झाला होता. परीक्षा पास झाली होती. तोंडी परीक्षेत मास्तरांनी नवऱ्याबद्दल पाच वाक्यं बोलायला सांगितली, तर ती पंधरा मिनिटं बोलली.

"काय सांगितलंस?"

"सगळं. वर्ग बंद पडायची वेळ आली हसून हसून."

"आणि चांगलं काही?"

ज्ञानदा विचार करू लागली. "सांगितलं ना, शेवटी. पण भूतकाळाचं रूप चुकलं, म्हणून मास्तरांनी—" मागे घंटा वाजली. "थांब हं, ट्राम आली. नंतर बोलते. आज आंपारोकडे जेवायला जायचंय."

"नंतर म्हणजे कधी?" प्रसादने विचारलं, पण ती ट्राममध्ये चढलीसुद्धा होती. पडद्यावर जरा वेळ तिचा ओला खांदा, खिडकी आणि खिडकीबाहेर संत्र्याची झाडं हलत राहिली. मग फोन बंद झाला. प्रसादने डब्याचं झाकण लावलं, शर्टावरचं भाताचं शीत झटकलं आणि तो ऑफिसच्या दाराकडे चालू लागला.